स्थानिक ओळखीचे दोघे

फरासखान्यातल्या टेबलावर
माझ्या कोपराचा पंचवीस वर्षांचा खळगा आहे.
तिथे रोज पन्नासेक भाडेकरू येऊन पडतात,
फोटो चिकटवलेले, आधारची झेरॉक्स टाचलेली,
घरमालकाच्या घाईच्या सहीसकट.

नोंद म्हणजे पहाराच, असं टिळेकर जमादार म्हणायचे.
गावाला दार लोटून झोपता यावं
म्हणून कुणीतरी जागं राहून दारं मोजायची.

निवृत्तीनंतर ते मोडी शिकले.
दफ्तरखान्यात जाऊन बसायचे, भिंग घेऊन.
एकदा चौकीत आले, चहा घेतला, म्हणाले,
"बाई, आपली खुर्ची फार जुनी.
रात्रीची तोफ झाली की पेठांतून फिरायचं नाही.
फिरलाच, तर दस्तक दाखवायचं.
नसलं, तर उरलेली रात्र चावडीवर."
मी विचारलं, आणि सुईण?
सुईणीला सोडत असावेत, म्हणाले,
पण कागद नेमका तिथेच फाटलाय.

मग प्लेगचं साल. बुटांसकट देवघरात.
काखा तपासल्या, जांघा तपासल्या.
शत्रू उंदराच्या पिसवेत बसलेला
आणि झडती बायकामाणसांची.
चार कलमांचा एवढासा कायदा.
हळहळू नका, तो मीही चालवलाय,
लक्ष्मी रस्त्याच्या नाक्यावर, तोंडाला मास्क बांधून,
दुधाला निघालेल्या म्हाताऱ्याला, पास कुठाय?
त्यानं पिशवी उलटी करून दाखवली.
पिशवीचं मी विचारलंच नव्हतं.

पण त्या शनिवारी मी ससूनला होते.
बेकरीतल्या टेबलाखाली एक बेवारस पिशवी, एवढंच.
रात्रभर मी चपलांच्या जोड्या लावत होते.
पहाटे तीन चपला उरल्या,
तिन्ही डाव्या.
पुढे अर्जात रकाने वाढले
तेव्हा मी काही बोलले नाही.
आणि आमच्याच आवारात दुचाकी फुटली त्यानंतर तर
काय बोलणार?
जुनी नोंदवही उघडली की अजून
शिवणीतून काचेचा चुरा निघतो.

आज दुपारी एक मुलगा आला.
नाव?
इन्स्पेक्टर झुंबर काळे.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
हुद्दा नाही मॅडम, नावच आहे,
आमच्यात ठेवतात असं.
तालुका कर्जत. शिक्षण, एम.एस्सी. पहिलं वर्ष.
पूर्वी कुठे पोलीस नोंद?
तो जरा थांबला.
"माझी नाही. पणजोबाची होती.
रोज रात्री पाटलाकडे हजेरी, अंगठा.
आईच्या पोटातूनच गुन्हेगार, असा कायदा होता ना.
तुमचं स्वातंत्र्य आलं
त्यानंतर पाच वर्षं तो अंगठा देतच होता."
रागानं नाही, पत्ता सांगावा तसं बोलला.
'तुमचं' म्हणाला, हे मी ऐकलं.

रकाना अकरा:
ओळखणाऱ्या दोन स्थानिक व्यक्ती.
मेसवाल्या मावशी आहेत, तो म्हणाला,
पण त्यांचं आडनाव कधी विचारलं नाही.

पंख्याखाली अर्ज फडफडत होता.
त्यावर मी माझं कोपर ठेवलं.
पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.
नियमात बसत नाही हे,
उद्या वरून फोन येईल.
दुसऱ्या ओळीत टिळेकरांना घातलं असतं,
पण ते गेल्या पौषात गेले.

"मॅडम," तो खाली बघत म्हणाला,
"तुम्ही मला कुठून ओळखता?"

मी शिक्का मारला.
फिका उमटला.
पॅडवर थोडं पाणी टाकलं,
पुन्हा मारला.