सव्वीस आसनी

सकाळी साडेसहाला तीन पेट्रोल पंपाशी गाडी लावतो.
सव्वीस माणसं, सव्वीस टोप्या, एक दुर्बीण फिरती,
आणि मृण्मयी कर्णिक, हातात माइक.
तिच्यासोबतची माझी ही एकेचाळिसावी फेरी.
मला तिचे श्वाससुद्धा पाठ आहेत:
कोणत्या सिग्नलला शिलाहार येतात,
कोणत्या वळणावर फिरंगी.

ऐरोलीला ती म्हणते, इथे पूर्वी काही नव्हतं,
नुसती दलदल.
मी गियर बदलतो.
काही नव्हतं, त्याला आम्ही खाजण म्हणायचो.
त्याला बांध होता, बांधाला उघाडी होती,
उघाडीवर माझा बाप कंदील घेऊन बसायचा
आणि उधाणाचं पाणी पायाच्या अंगठ्याने मोजायचा.
भांगाच्या दिवसांत तेवढा झोपायचा.
मिठाच्या कोंड्यांत आभाळ इतकं वाळायचं
की फावड्याने ओढून ढीग करता यायचे.

होडीत मी जात नाही. ड्रायव्हरचं तिकीट नसतं.
जेट्टीवर उभा राहून तिवरांखालचा चिखल बघतो.
निवटा उडतो, डोळे कपाळावर घेऊन;
मासा व्हायचं की बेडूक, ते अजून ठरलेलं नाही.
घाई नाही त्याला.
माणसं परततात ती गुलाबी बोलत:
किती रोहित! कुणी म्हणतं पाचशे, कुणी पाच हजार.
आईच्या वेळी नव्हते हे पक्षी.
आम्ही उठल्यावर आले,
टॉवरांच्या जरा आधी.

दुपारी ठाणं. मासुंद्याच्या काठावर पुरीभाजी.
तलावाच्या गाळातून देव निघाले, ती सांगते,
पाया खणताना ताम्रपट.
सगळे मान हलवतात.
माझ्या घराचा पाया खणला तेव्हा
शिंपले निघाले. तीन हात खोल, नुसते शिंपले.
मजुराने विचारलं, ठेवू का?

मग महापे सोडून आत, एका वेशीवर,
गधेगाळ.
वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी,
खाली गाढव आणि एक बाई.
इथे ती नेहमी म्हणते, दान दिलेली जमीन
जो बळकावेल त्याला शाप आहे,
आणि मुलं असतात म्हणून घाईने पुढे सरकते.
आज तिचा घसा बसला.
माइक माझ्या हातात देऊन म्हणाली,
मढवी, तुम्ही सांगा. पाठच असेल तुम्हाला.

पाठ होतं. निघालं दुसरंच.
म्हटलं, याला आमच्या बायका तेल लावतात.
पोर रात्री रडायला लागलं की इथे नारळ.
लिहिलेलं कुणी वाचलं नाही, वाचायची गरजही नव्हती.
गाढव जे करतंय ते तुम्हाला दिसतंय तेच.
आणि ती बाई म्हणजे
जमीन घेणाऱ्याची आई.

एक पोरगं फिस्सकन हसलं.
मागच्या सीटवरचे देव्हारे पुढे आले,
दिवसभर ज्यांनी दुर्बीण घेतली नव्हती.
मी भूसंपादनात होतो, म्हणाले. त्र्याहत्तरची मोजणी.
तुमचा बांध कुठला?
गोठिवलीच्या अंगाला, मी म्हटलं.
एका बाईने तांब्या भरून पाणी दिलं होतं आम्हाला.
मचूळ होतं. तरी दोन तांबे प्यालो.

मचूळ म्हणजे आमची विहीर नव्हे.
किंवा असेल, वैशाख असेल तर.

त्यांनी दगडावर हात ठेवला, कुठे ते बघितलं नाही.
पंजा तेला-शेंदराने माखला.
काच पुसायचं फडकं दिलं मी.
ते एकेक बोट पुसत राहिले,
अंगठ्यापाशी थांबले,
पुन्हा पहिल्यापासून.

परतताना खाडीपुलावर संध्याकाळ.
कर्णिकबाई गरम पाण्याचे घोट घेत गप्प.
देव्हारे माझ्या मागे येऊन बसले होते.
पाणी चढतंय का हो, त्यांनी विचारलं.
मी आरशात बघितलं, मग खिडकीतून.
म्हटलं, आज अष्टमी.
भांगाचं पाणी. फार वर येत नाही.