कात्रीच्या घरचे

व्हिटबीत, बंदराकडे घसरत जाणाऱ्या गल्लीत
विनिफ्रेड मेटकाफचं शिवणाचं दुकान.
उंची कमी करून मिळेल, चेन बदलून मिळेल,
ओळखदेख नसली तरी चहा मिळेल.

मंगळवारी डोरीन हार्लंड आली
पिशवीत नवऱ्याचे चार शर्ट घेऊन.
"लेनला जाऊन वर्ष होईल आता.
पोतेरं करवत नाही,
कुणाला देववतही नाही.
नातीला स्कर्ट होईल का गं यातून?"

विनिफ्रेडनं कापड उजेडात धरलं,
झिजलेलं कोपर पाहिलं,
म्हणाली, "होईल की. घेर थोडा कमी येईल."

तिला ठाऊक नव्हतं
(असतं तरी टाके तिनं तेवढेच घातले असते)
की शर्ट आणि स्कर्ट एकाच आईची लेकरं.
एक इथंच वाढलं,
दुसरं व्हायकिंगांच्या होडीतून आलं,
ओल्या पायांनी.
अर्थ दोघांचा एकच: आखूड कापलेलं.
एका अंगावर दोन नावं किती दिवस नांदणार?
पुढे कधीतरी, भांडणतंटा न होता,
एक कमरेच्या वर राहिलं,
एक खाली उतरलं.

"थोडं शॉर्टच ठेव," डोरीन म्हणाली,
"हल्ली पोरींना तसंच लागतं."
शॉर्ट. तेही त्याच घरचं.
आणि वीस मेंढ्या मोजून झाल्या की
काठीवर पाडायची खाच, तो स्कोअर.
आणि होडीतला भावाचा निम्मा शेअर,
ज्यावरून लेन अकरा वर्षं त्याच्याशी बोलला नाही.
आणि खाली दिसतो तो किनारा, त्यांचा शोअर,
म्हणतात, तोसुद्धा:
समुद्रानं कातरत आणलेली जमीन.

डोरीनच्या अंगठ्यावर जुना व्रण आहे,
मासे साफ करताना सुरी लागल्याचा. स्कार.
वाटतं, हा तर सख्खाच असणार.
नाही. तो ग्रीकांच्या शेगडीवरून आलेला,
भाजल्याचा डाग.
उगाच चेहरा जुळतो.

विनिफ्रेडनं खडूनं रेघ मारली,
थांबली, कारण डोरीनचा हात अजून कापडावर होता,
मग कात्री चालवली.

कात्री. हा शब्द तरी आपलाच ना?
व्हिटबीत कुणी ऐकलेलाही नाही.
पण जाणकार त्यालाही त्याच वंशावळीत बसवतात,
फार मागे, जिथं कुणाला
शिवता येत होतं की नाही, कोण जाणे,
कापता मात्र येत होतं.

शनिवारी मार्नीनं स्कर्ट घालून पाहिला.
म्हणाली, "आजी, बटणं उलट्या बाजूला लागतात गं."
"असू देत," डोरीन म्हणाली,
आणि वरचं एक लावून दिलं.