पेटीच्या फळ्या

टिंबर मार्केटात आज आपलंच शटर खाली,
आणि रविवार नाही.

थिओफिलशेठ, सत्तावीस वर्षं तुमची वही लिहिली.
सागाच्या भावात तुम्ही पैसुद्धा सोडायचा नाहीत.
ओल्या लाकडाला सुकं म्हणणारा
पुन्हा पायरी चढला नाही.
पण कुणी पेटीसाठी फळ्या मागायला आलं
की गल्ल्यावरून उठून स्वतः निवडायचात,
गाठ नसलेल्या.
“दिवाणजी, हे वहीत नको.”

मी नाही ऐकलं.
मागच्या पानावर, पेन्सिलीनं,
तारीख आणि फुटांचं माप. नावं नाहीत.
एकोणनव्वद ओळी.
हिशेबाची खोड, दुसरं काय.

लक्ष्मीपूजनाला तुम्ही चपला काढून दाराशी उभे,
हात न जोडता.
पेढ्यांचा पुडा मात्र तुमचाच.

काल क्वार्टर गेटच्या चर्चमध्ये पाद्रीसाहेब
ऋण सोडण्याबद्दल बोलले.
मी शेवटच्या बाकावर, टोपी मांडीवर,
माप मोजत बसलेलो:
सहा फूट दोन इंच.
फळ्या अक्रमनं निवडल्या, रडत रडत.
एकीला गाठ निघाली.
तुम्ही परत पाठवली असतीत.

रात्री मागचं पान उघडलं.
नव्वदावी ओळ
शाईनं लिहिली,
नाव घालून.