पळणारं

खानापूर स्टँडाच्या कडेला माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका.
कीबोर्डावर चिकटवलेली कन्नड, तिच्या बाजूला मराठी,
दोन्हींच्या खाली झिजत गेलेली इंग्रजी.

इच्छुक उमेदवार अप्पूगौडा खुर्ची ओढून म्हणाला,
"सुंदर नको बे. पळणारं कर.
सकाळी सोडलं की दुपारी लोंढ्यात,
आणि संध्याकाळी पुण्यातल्या भावानं
ते मलाच पाठवलं पाहिजे."

मग मी पळणाऱ्याची जात शिकलो.
पहिल्या ओळीत अंगठा धरायचा.
आकडा विषम ठेवायचा, सात सवयी, अकरा खुणा.
शेवट झाकायचा, पिठल्यावर ताट झाकतात तसा.
आई घालायची. जवान घालायचा.
कुत्रं मिळालं तर सोन्याहून पिवळं.
तळाला: दहा जणांना पाठवा.
तीन महिने असलं रांधलं मी.
थोडं अप्पूगौडाच्या मेहुण्यांपर्यंत गेलं,
बाकी जागच्या जागी,
पंक्चर झालेल्या वडापसारखं.

एका शनिवारी नंदगडची शेवंता आली,
उभ्या उभ्याच म्हणाली,
"साडेनवाच्या गाडीत डबा राहिला गा, लेकाचा.
दोन कागद काढून दे, स्टँडात चिकटवतो."
मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं,
नटवायला वेळ नव्हता.
बोलली तसंच बडवलं:

गाडीत डबा विसरलाय.
आत वरण्याची भाजी हाय, खावा, नासवू नका.
डबा तेवढा द्या.
झाकणावर सौ. शेवंता, १९९४ असं कोरलंय.

कुणीतरी त्याचा फोटो काढला. मी नाही.

रविवारी तो कागद हल्याळात.
सोमवारी धारवाडात कन्नड झाला,
बुधवारी कोल्हापुराहून पुन्हा मराठी होऊन आला.
वरण्याचा अवरे, अवऱ्याचा पावटा झाला होता.
शेवंता वारली होती.
लेक सीमेवर पहारा देत होता
(तसा तो सीमेवरच आहे, उद्यमबागेत, लेथवर).
जावेनं तो शेवंतालाच पाठवला.
वाचून ती आधी रडली,
नाव मागनं बघितलं.

"असलं कसं केलंस?" अप्पूगौडा फोन नाचवत आला.
मला सांगता येईना.
"दुसरं कर असलंच. माझं नाव घालून."

मग डबे यायला लागले.
कंडक्टर आणून देत, काउंटरवर आदळून जात.
एक कडी तुटलेला. एक पितळी.
एक तीनपुडी, हुबळीच्या बाईचा:
शेजारणीचा राहिलाय म्हणे बारा सालापास्नं,
ती घर सोडून गेली, द्यायचाच राहिला.
एकात चिठ्ठी, तीवर फक्त चूक झाली एवढंच.
अकरा झाले. विषम आकडा, मी न ठेवलेला.
शेवंताचा त्यात नव्हता.

ती आली. एकेक झाकण उजेडात फिरवलं.
एका नावावरून बोट गेलं, थांबलं.
"काय लिवलंय गा ह्यावर?"
"गंगव्वा. गाव नाही घातलेलं."
"असू दे," म्हणाली,
आणि तो पिशवीत टाकून गेली.

आज सकाळी तोच डबा काउंटरवर. बूड गरम.
"रिकामा कसा परत द्यायचा?
गंगव्वा आली तर दे.
न्हाई आली तर तू खा. नासवू नको."

हुबळीची गाडी लागून सुटली.
कुणी उतरलं नाही त्या नावाचं.
अप्पूगौडाची फाइल उघडी,
पहिल्या ओळीत कर्सर उघडझाप करतोय.
झाकण मी काढलेलं नाही,
तरी वास पसरलाय चहाच्या गाड्यापर्यंत,
आणि आधारची झेरॉक्स घ्यायला आलेलं पोरगं
कार्ड हातातच धरून विचारतंय,
"काय हाय ओ डब्यात?"