गोष्ट विचारू नका

लामाराबाई, थांबा. सुटे पैसे राहू द्या,
आधी ऐका.
काल रात्री मी सिनेमाला गेलो.
हो, मीच. एकटा. कणीक मळून, ओलं फडकं टाकून,
पुलापलीकडच्या त्या थिएटरात,
जिथं हिवाळ्यात कुणी कोट काढत नाही.
नऊ जण होतो. त्यातला एक घोरत होता.

गोष्ट विचारू नका.
एक माणूस आहे, एक घोडा आहे
आणि मिठाचं तळं आहे, काठ नसलेलं.
माणूस कुठून आला, त्याचं कोण वारलं,
सांगितलं असेल कुणीतरी,
माझं लक्ष नव्हतं.
मी घोड्याच्या पोटाकडं बघत होतो.
तळ्यात बोटभर पाणी, त्या पाण्यात आभाळ,
आणि त्या आभाळाचा उजेड खालून वर
घोड्याच्या पोटावर हलतोय,
असा, असा...
माफ करा, हाताला पीठ आहे, तुमची बाही झटका...
आपल्या रिओनीचं ऊन पुलाच्या कमानीखाली हलतं ना,
तसा.
ते आपण रोज बघतो.
म्हणजे, रोज बघत नाही.

मग एक पिवळा येतो.
कसला पिवळा, असं विचारतेस होय, खातुना?
केशराचा नव्हे. मक्याचाही नव्हे.
मी नऊ वर्षांचा असताना काविळीनं पडलो होतो.
आईनं खिडकीला चादर लावली होती
आणि दुपारी तीनच्या सुमाराला त्या चादरीतून
जो खोलीत यायचा,
तो.
मी कुणालाच कधी सांगितला नव्हता.
यांना कसा कळला?

तिकीट किती, म्हणून झाउरनं गाडीतूनच विचारलं.
दहा लारी.
दहा लारीत घोड्याचं पोट?
माझ्या मेव्हण्याच्या गोठ्यात फुकट दिसतं, म्हणाला,
आणि हॉर्न वाजवत गेला.
जाऊ दे. त्याला आरशात मागचं बघायची सवय.

डोळ्यांचं पारणं फिटलं म्हणतात ना,
माझं उलटंच झालं, बाई.
डोळ्यांना उपास लागला.
एकतीस वर्षं या भट्टीत वाकतोय मी,
आज पहाटे पहिल्यांदा दिसलं
की तळाशी जाळ निळा असतो,
आणि पाव भिंतीला चिकटल्याबरोबर
त्याच्या कडेवर एक लालसर रेघ धावते,
धावते आणि विझते.
तेच बघत उभा राहिलो.
वास येतोय? येणारच.
पहिला घाणा कोळसा झाला.
हे दोन जरा बरे आहेत. हे न्या, पैसे नकोत.
पण गुरुवारी जा. शेवटचा आठवडा आहे.

*

शुक्रवार.
लामाराबाई आल्या, मी भट्टी सोडून पुढं झालो.
काय?
झोप लागली, म्हणाल्या.
खुर्ची मऊ होती.
रांगेतली माणसं हसली.
मीही हसलो, थोडं उशिरा,
आणि आकडी घेऊन पाव काढायला वाकलो.
काय बोलणार.
मीठ कुणी कुणाच्या जिभेवर ठेवू शकतो,
चव काही ठेवता येत नाही.

त्यांनी पैसे मोजले, पाव कागदात गुंडाळले,
पायरी उतरल्या,
मग वळून, जणू विसरलेली पिशवी मागावी तशा म्हणाल्या,
पण झोपायच्या आधी एक होतं.
घोड्याच्या नालेत मीठ अडकतं बघ,
ते काढायला तो माणूस वाकतो,
तेव्हा त्याच्याआधी
त्याची सावली वाकते.

मी आकडी हातात धरून तसाच.
सावली?
आधी?
हे मी पाहिलंच नव्हतं.

खातुना, दारावर पाटी लाव.
उद्या पाव उशिरा निघतील.