चुकीची रांग

बसवाल्याने मला एका फाटकापाशी उतरवलं,
‘सरळ चढावर’ म्हणाला, आणि दार आपटून निघून गेला
उरलेलं स्कॉटलंड संपवायला.

समोर समुद्र, जुन्या पत्र्याच्या रंगाचा.
डावीकडे त्या दिसल्या.
माणसाच्या छातीला लागतील एवढ्या शिळा,
खांद्याला खांदा लावून पार टेकाडाच्या पाठीमागे गेलेल्या,
अंगावर पिवळं दगडफूल, नाणी डकवल्यासारखं.
वारा कान कापत होता, तरी मी टोपी काढली.
चार हजार वर्षं, म्हटलं मनाशी,
आणि एकीवर तळहात ठेवला
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
ती गारढोण.

‘ते आमचं कुंपण आहे.’

मागे एक बाई, पायांत रबरी बूट,
काखेत कोकरू, बाजाराची पिशवी धरावी तसं.
‘माझ्या बापाने घातलं. मी शाळेत होते तेव्हा.
इकडे झाडं कुठली? फरशी मात्र खणाल तिथे.
तुम्हाला हवेत ते दगड वर आहेत. लहान आहेत.
बघून चाला, ठेच लागेल.’

नाव ह्यूइना.
मुलगा होणार म्हणून ह्यू ठरवून ठेवलेलं,
मुलगी झाली, तर नावाला शेपूट जोडलं.
हे तिने न हसता सांगितलं, हिशेब द्यावा तसं.

वर आधी काहीच नाही.
हेदरची काळपट झुडपं, लेंड्या, आभाळ.
मग बुटाला एक लागला. गुडघ्याएवढाही नाही.
त्याच्यापुढे वीतभर मातीत बुडालेला दुसरा.
तिसऱ्यासाठी वाकावं लागलं,
आणि वाकल्यावरच दिसलं
की रांगा आहेत. एक नाही, कितीतरी,
पंखा उघडावा तशा उताराला पसरत गेलेल्या.
कुणी, कशासाठी?
सरकारी पाटीवर ‘कदाचित’ तीनदा होतं.

मोठं व्हायचं असतं ते उंच रोवतात.
ह्यांनी एवढुसेच का निवडले?
की दोन माणसांना, एका खेपेत,
उचलता येतील एवढेच?
पान दुमडून ठेवावं आणि पुस्तक तसंच राहावं,
असं काहीतरी वाटलं,
मग एक मेंढी त्यातल्याच एका दगडाला
पाठ घासू लागली,
आणि तेही वाटेनासं झालं.

उतरताना ह्यूइना कुंपणाशीच होती.
एक फरशी कललेली. बुडाशी ती पहारीने माती ठेचत होती.
‘ही दरसाल कलते. इथे खड्डा उथळ आहे.
आईला त्या दिवशी विकला नेलं होतं, इस्पितळात.
बापाला घाई होती.’

पुढे काही बोलली नाही.
मी पहार घेतली, तिने खांदा लावला.
कोकरू बांधाशी उभं राहून ओरडत होतं,
आमचं चुकतंय असं सांगत असावं.
शिळा सरळ झाली. म्हणजे, जवळजवळ.
‘पुढच्या वर्षापर्यंत बास’, ती म्हणाली.

बस उशिरा आली.
फाटकापासून वरचे दगड दिसत नाहीत, एकही नाही.
दिसतं ते कुंपण, आणि त्यातली ती एक,
अजून किंचित रस्त्याकडे झुकलेली.
विक येईपर्यंत कान दुखत राहिले.
टोपी खिशातच होती.