एअरलूम

सिव्हिल लाइन्सात, कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली
माझं टेबल आहे. टाइपरायटर गेला, लॅपटॉप आला,
कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली वीट तीच आहे.
मी इंग्रजी कागदांचं मराठी करते.

आज वाटणीचा दावा. दोन भाऊ, एक बहीण
आणि एक चांदीचं पानदान, ज्याला वकिलांनी
तीन ठिकाणी एअरलूम म्हटलंय.
वडिलोपार्जित, मी लिहिलं. मग खोडलं.
शब्दात लूम दिसत होता,
आणि तांडापेठेतल्या डोमाजी निखाऱ्याच्या पोरीला
लूम ओलांडून पुढच्या ओळीवर जाता येत नाही.

रात्री बाबांना विचारलं.
"एअरलूम? हवेवर चालते का थो?"
एवढं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

जाड शब्दकोश म्हणतो,
जुन्या इंग्रजीत लूम म्हणजे कुठलंही अवजार.
कुदळ लूम. बादली लूम.
हाताशी असेल, कामी येईल ते सगळं लूम.
मग कधीतरी एकाच अवजारानं
सगळ्यांचं नाव आपल्या एकट्याकडे घेतलं,
जसं आमच्या गल्लीत मशीन म्हटलं की शिलाईची,
गाडी म्हटलं की मोठ्या काकाची ल्यूना.
एअर म्हणजे वारस.
वारसाच्या हाती आलेलं अवजार, इतकंच.
पानदान त्यात मागाहून येऊन बसलं.

आणखी एक लूम आहे, क्रियापद:
धुक्यातून काहीतरी मोठं, पुसट,
अंगावर येत असल्यासारखं दिसणं.
कोश बजावतो, ह्याचा त्याच्याशी संबंध नाही,
आणि मूळ कुठलं, तेही नक्की सांगता येत नाही.
डिसेंबरात पहाटे बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून
सोसायटीतून सूत आणायला न्यायचे,
तेव्हा गांधीसागरावरच्या धुक्यातून
मिलची चिमणी अशीच दिसायची.
बाबा तिच्याकडे बघायचे नाहीत.
संबंध नाही म्हणे.

आपला शब्द माग.
माग म्हणजे खुणेखुणेनं जाणं, चोराचा काढतात तो.
आणि माग म्हणजे, हात पसर.
"सूत माग, मजुरी माग, मजुरी थकली त उधार माग.
नावच तसं ठेवलं, माय. कोन काय करन?"
हे बाबा कांडी बदलता बदलता बोलायचे,
तोंडात धाग्याचं टोक धरून,
त्यामुळे अर्धं मला आज कळतंय.

दोन हजार अकरात खड्डा बुजवला.
जिथे त्यांचे पाय असायचे तिथे सिमेंट ओतलं,
वर फ्रिज ठेवला.
फ्रिज सुरू होताना थरथरतो
आणि खुर्चीत डुलकी घेणाऱ्या बाबांचा उजवा हात
मांडीवर एक झटका देतो.
धोटा गेला असेल पलीकडे.

सागवानी सांगाडा भावानं विकला. कुणाला, सांगत नाही.
धरमपेठेत एका कॉफीच्या दुकानात
मागावर काच टाकून टेबल केलंय, असं कळलं.
गेले. दोनशे दहाची कॉफी घेतली.
बाबा दर लुगड्यागणिक लाकडाच्या आतल्या बाजूला
खिळ्यानं एक रेघ ओढायचे,
म्हणून काचेखाली हात घालून चाचपलं.
च्युइंगमचा गोळा लागला.
आमचा नसेल. कुणाचा तरी होता.

शेवटी पानदानापुढे मी वडिलोपार्जितच ठेवलं.
कोर्टाला पानदान कळतं.

दुपारी वकिलांचा कारकून आला,
थुंकी लावून पानं मोजली, अकरा.
"रेट काय, ताई?"
पानामागे चाळीस, मी म्हटलं.
मागे.
हा एक राहिलाच होता.